स्टॅबिलायझर घेऊन ये

आमच्या घरातला टेपरेकॉर्डर जोरात पळायचा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे, म्हणून हे आधी सांगून टाकतो. हुपरीच्या मामांनी तो वापरून झाल्यावर आम्हाला दिला होता. त्यांच्या घरी पैंजण जोडायचं काम दिवसभर चालायचं, आणि सोबतीला टेपही दिवसभर चालायचा. त्यात त्याची मोटर जळाली. दुरुस्ती करणाऱ्याने दुसऱ्याच कुठल्या टेपची मोटर त्यात बसवली आणि ती जरा वेगात फिरायची. त्यामुळे प्रत्येक गाणं अर्ध्या सुराने वर चढायचं. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरीतलं गाणं शेजारच्या काळीत जायचं. एवढा फरक नुसता ऐकून कळत नाही, जोडीला दुसरं वाद्य असावं लागतं. गडमुडशिंगीच्या आमच्या घरात ते नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कौतुकाने म्हणायचे, आपला टेप खणखणीत वाजतो.

दुसरी गोष्ट विजेची. संध्याकाळी शिवारातले पंप सुरू झाले की गावात लाइट डाऊन व्हायची. दिवा तांबडा पडायचा, टेप मंदावायचा आणि गाणारा आजारी म्हशीसारखा ओरडायला लागायचा. यावरून मी कॉलेजात जाण्यापूर्वीच एक सिद्धांत काढला होता, की संगीताचा सूर व्होल्टेजवर अवलंबून असतो. लाइट पूर्ण असेल तर सूर पूर्ण, लाइट डाऊन तर सूर डाऊन. हे कुणी शिकवलं नव्हतं. स्वतःच्या डोक्याने काढलं होतं, त्यामुळे ते डोक्यातून काढायला कुणाला वावच नव्हता.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. शहरात राजारामपुरीतल्या एका दुकानात कोरी कॅसेट नेऊन दिली की दुकानदार त्यावर इंग्लिश गाणी भरून द्यायचा. वर तो फक्त ‘इंग्लिश फास्ट’ किंवा ‘इंग्लिश स्लो’ लिहायचा. कुठला बँड, कुठलं गाणं, हे त्यालाही माहीत नसावं. म्हणून बँडची नावं मीच ठेवली. दोन गिटारवाले एकदम एकच तुकडा वाजवायचे ते ‘जुळे’. घसा बसल्यासारखा गायचा तो ‘घोगरा’. सगळं भांडण काढल्यासारखं वाजवणारे ‘रागीट’. मी त्यांच्या क्रमवाऱ्या लावायचो. गिटारमध्ये जुळे पहिले, ढोलात रागीट, आवाजात घोगरा. दर रविवारी क्रम बदलायचा आणि घोगरा घसरला तर मला दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं. याद्या करायची ती खोड अजून आहे. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी आज तिच्यावरच पगार घेतो.

मिरजेहून एक जुनी गिटार आणली आणि टेपला कान लावून शिकलो. तारा टेपच्या सुराला ताणून बसवल्या, म्हणजे सोसवतील त्याहून जास्त. बारीक तार सारखी तुटायची, एकदा गालावर फटका बसून वळ उठला. मला वाटायचं, मोठ्या वादकांच्या तारा अशाच तुटत असणार. पण जुळ्यांचा तुकडा मला आला. बोटांतून रक्त येईपर्यंत वाजवून आला, आणि तो चांगला आला, हे मी आजही कुणापुढेही सांगेन. मला एकच हवं होतं. कुठल्या तरी बँडमध्ये उभं राहून तो लोकांपुढे वाजवायचा.

कॉलेजातल्या एका बँडला गिटारवाला हवा होता. बँड म्हणजे तिघं. गाणारा ताराबाई पार्कातल्या डॉक्टरांचा मुलगा, सराव त्याच्याच गॅरेजमध्ये. ड्रमवर शाहूपुरीतल्या गूळ व्यापाऱ्याचा मुलगा. तिसरा कीबोर्डवर, तो फारसं बोलायचा नाही. मी गेलो तेव्हा गाणाऱ्याने विचारलं, कोण आवडतं तुला? मी म्हणालो, जुळे.

“कोण?”

मी तो तुकडा वाजवून दाखवला. त्याने एका दमात बँडचं खरं नाव सांगितलं, ड्रमवाल्याकडे बघितलं आणि मग घोगरा आणि रागीटही माझ्याकडून वदवून घेतले. ड्रमवाला हसत हसत स्टुलावरून घसरला. पण वाजवलेलं त्यांनी ऐकलं होतं. ड्रमवाला डोळे पुसत म्हणाला, “हात चांगला हाय की रं मुडशिंगी.” त्या दिवसापासून तिथे माझं नाव मुडशिंगी.

मग एकत्र वाजवायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला दातात वाळू आल्यासारखं झालं. माझी गिटार काळीत, कीबोर्ड पांढरीत. तिघंही थांबले. चूक कुणाची हे मला लगेच कळलं.

“कीबोर्ड उतरलाय,” मी म्हणालो.

“कीबोर्ड?” गाणाऱ्याने विचारलं. “कीबोर्ड कसा उतरेल?”

“लाइट डाऊन असंल इथं.”

कुणीच हसलं नाही. आज आठवून अंगावर काटा येतो तो त्या न हसण्याने. गाणाऱ्याने ड्रमवाल्याकडे बघितलं, ड्रमवाल्याने गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाला, “व्हय की. आमच्या ध्यानातच आलं न्हाय. ह्या भागात लाइटचा लई प्रॉब्लेम हाय.” मग गाणाऱ्याने सांगितलं की तू तुझ्या सुरात वाजव, लाइटचं आम्ही बघतो.

त्यानंतरचे कित्येक रविवार मी सिटी बसने ताराबाई पार्कात जात होतो. दर वेळी गॅरेजमध्ये नवीन चेहरे असायचे. डॉक्टरांच्या मुलाचे मित्र, मित्रांच्या बहिणी, कुणाचे तरी पुण्याहून आलेले पावणे. मला वाटलं, बँडचं नाव होतंय. सराव सुरू होण्याआधी गाणारा मला आग्रहाने विचारायचा, आज कशी आहे रे लाइट? मी कीबोर्डची एक पट्टी दाबायला सांगायचो, कान द्यायचो आणि सांगायचो, आजही डाऊनच आहे. एखादी मुलगी तोंडावर रुमाल धरून बाहेर जायची. तिला सर्दी असेल असं समजायची माझी तयारी होती. बँडमध्ये राहायचं असेल तर माणूस काहीही समजून घेतो.

गॅदरिंग जवळ आलं. ड्रमवाला म्हणाला, मांडवात जनरेटरची लाइट असणार, तिचा काही भरवसा नाही. मग सहज सुचल्यासारखं विचारलं, “तुमच्या घरी टीव्हीला स्टॅबिलायझर असंल न्हाय? घेऊन ये. सूर तरी बरोबर लागंल.”

स्टॅबिलायझर म्हणजे टीव्हीचं व्होल्टेज सांभाळणारा जड लोखंडी डबा, पुढे काचेत काटा. अण्णांनी तो स्वतः टीव्हीवरून सोडवला, पोत्यात गुंडाळला आणि मोपेडवर पायाशी ठेवून कॉलेजपर्यंत आणून दिला. पोरगं बँडमध्ये आहे आणि बँडला आपल्या घरातली वस्तू लागते, याचं त्यांना केवढं वाटलं होतं. कार्यक्रम बघायला ते मागे मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले.

डबा स्टेजच्या मधोमध खुर्चीवर ठेवला होता. त्याला झेंडूचा हार घातलेला बघून मी खूश झालो. गाणाऱ्याने माइकवर सांगितलं की आज आपल्यात खास पाहुणे आहेत, सूर आणि व्होल्टेज या विषयातले तज्ज्ञ, आता लाइट तपासतील आणि मगच कार्यक्रम सुरू होईल. मी काटा बघितला. काटा जिथे हवा तिथे होता. मी मान डोलावली. आम्ही सुरू केलं.

कीबोर्ड तरीही उतरलेलाच. मांडवभर तो आवाज म्हणजे पत्र्यावर खिळा ओढावा तसा. पहिल्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, “ओ इंजिनियर, जरा वाढवा की!” मागून दुसरा म्हणाला, डीपीवर चढवा त्याला. गाणारा गाता गाता माझ्याकडे बघून डब्याकडे बोट दाखवत होता. आणि मी काय केलं, तर मध्येच गिटार थांबवून वाकलो आणि काचेवर बोटाने टिचक्या मारल्या, काटा अडकलाय का बघायला. त्यानंतर गाणं कुणाला ऐकू गेलं नाही. पोरं खुर्च्यांवर उभी राहून हसत होती. शिट्ट्या, टाळ्या. खांबाजवळ अण्णाही हात वर करून टाळ्या वाजवत होते. लोकांना एवढं आवडलेलं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर ड्रमवाल्याने स्टेजमागे मला खरं काय ते सांगितलं. कीबोर्डला व्होल्टेजने काही होत नसतं. चालतो नाहीतर बंद पडतो. उतरलेलं काही नव्हतं, मीच चढलेला होतो. पहिल्या दिवशीच त्यांना कळलं होतं. त्याने वॉकमनमध्ये खरी कॅसेट घालून हेडफोन माझ्या कानाला लावले. माझे जुळे कुणी तरी झोपेचं औषध पाजल्यासारखे वाजत होते.

मी काही बोलायच्या आत गाणारा आला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, “पुढच्या महिन्यात इचलकरंजीला प्रोग्रॅम आहे. तू पाहिजेसच. स्टॅबिलायझर घेऊन ये.”

मी गेलो. सगळं माहीत झाल्यावर गेलो. इचलकरंजीला गेलो, कोडोलीला गेलो, गणपतीच्या दोन मंडळांत गेलो. तारा मुद्दाम ताणायचो, मध्येच वाकायचो, काचेवर टिचकी मारायचो. लोक हसायचे. नाही म्हटलं असतं तर माझ्याकडे बँड उरला नसता, एवढा साधा हिशेब होता. कोडोलीला गेलो त्या संध्याकाळी घरचा टीव्ही जळाला. अण्णा म्हणाले, टीव्ही काय परत घेता येतो, तुझं चाललंय ते थांबवू नको. लोक कशाला हसतात हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनी परत कधी कार्यक्रम बघितला नाही म्हणून ते निभावलं.

दरम्यान मी घरी तारा उतरवून सगळं नव्याने बसवत होतो. आधी ते वाजवणंच नको वाटायचं. गाणं मेल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू कान त्याला सरावला. दुसऱ्यांदा इचलकरंजीला बोलावलं तेव्हा मी कुणाला न सांगता तारा कीबोर्डला जुळवून घेतल्या.

जुळ्यांच्या तुकड्यातली दुसरी गिटार आमच्याकडे कीबोर्डवाला त्याच्या पट्ट्यांवर वाजवायचा. त्या दिवशी पहिल्यांदा ते दोन सूर एकावर एक बसले. कधी न बोलणाऱ्या कीबोर्डवाल्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी वाकलो नाही, डब्याकडे गेलो नाही, शेवटपर्यंत सरळ उभं राहून वाजवलं. एवढं चांगलं मी आधी वाजवलं नव्हतं.

लोक वाट बघत होते. थोड्या वेळाने आपसात बोलायला लागले. मग मधली एक रांग उठून चहाला गेली. गाण्यानंतर जी टाळी पडली ती चार घरच्या माणसांची असावी तशी.

खाली उतरल्यावर गाणारा माझ्याशी बोललाच नाही, मंडळाच्या माणसाची समजूत काढत राहिला. ड्रमवाला ड्रम सोडवत होता. मी त्याला विचारलं, आज बरोबर वाजलं न्हाय का?

“बरोबरच वाजलं की,” तो स्क्रू फिरवत म्हणाला. “पर बरोबर वाजवणारी पोरं लई हायत, मुडशिंगी. आमच्या गल्लीतच दोन हायत.”

पुढच्या कार्यक्रमाला त्यातलाच एक उभा होता, असं मला नंतर कळलं.