भिंतीवरचं प्रमाणपत्र

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायांना घरबसल्या धंदा करता यावा म्हणून मी गावात शिवणवर्ग घ्यायचो. तिथे मी सरळ शिलाई शिकवली, पण ब्लाउज बेतणं नीट शिकवलंच नाही. कापड वाया जाईल म्हणून वर्तमानपत्रावर कात्री चालवायला लावली. खरं तर मला कंटाळा होता. मुदत संपली तशी सगळ्यांना उत्तीर्ण करून प्रमाणपत्रांवर सह्या ठोकल्या.

काल त्या वर्गातल्या सुमनच्या दारात थबकलो. देवांच्या तसबिरींशेजारी ते प्रमाणपत्र, वर ताजा हार. शेजारीण ब्लाउजपीस घेऊन आली होती.

"ब्लाउज नको गं, साडीचं फॉल-पिको असेल तर दे," सुमन तिला म्हणाली.

"मग ते भिंतीवरचं काय शोभेला टांगलंयस?"

"लोकाच्या कापडाला कात्री लावायची म्हटलं की हात धजत नाही बाई."

तेवढ्यात मी दिसलो. "या ना सर! हे आमचे सर बरं का. बसा, चहा टाकते."

शेजारीण कापड घेऊन तालुक्याच्या टेलरकडे गेली. मी चहा प्यायलो. मशीन देता येतं, कागदही देता येतो. हात धीट व्हायला मात्र कुणीतरी शेजारी बसून कापड वाया जाऊ द्यावं लागतं. तेवढं बसणं माझ्याच्यानं झालं नाही.

सुमनला बेतणं शिकवायचं अजून माझ्याकडे बाकी आहे.