खोकला कुणालाच नाही

माझं डोकं लवकर तापतं, आणि त्या दिवशी तापायला कारणही होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. अंबरनाथच्या एका बुद्धविहारात मी वस्तीवस्तीतल्या बायकांना टीबीचे पेशंट शोधायला शिकवत होते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल त्याचा बेडका तपासायला पाठवायचा, एवढी साधी गोष्ट. चार दिवस घरोघर फिरून बायका वह्या घेऊन आल्या. पानोपानी एकच: खोकला नाही, खोकला नाही.

"एमआयडीसीचा धूर खाणारी माणसं, आणि खोकला एकालाही नाही? मला काय खुळी समजता? विचारलंत तरी कुणाला?"

"सासवांना," चिखलोली वस्तीतली एक सून म्हणाली. "मोठं माणूस दारात असताना सुनेला कसं विचारायचं, मॅडम? बरं दिसत नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बोलता बोलता तिलाच ढास लागली. पदर तोंडाशी धरून ती कितीतरी वेळ खोकत राहिली.

"किती दिवस झाले गं हे?"

"दोन महिने असतील. कंपनीच्या वासानं होतं, सासूबाई म्हणतात."

"आणि इतके दिवस माझ्यासमोर बसून बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

दुनियेला शिकवत सुटले होते आणि माझ्या पुढ्यात बसलेल्या बायकांना विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. लाज वाटली, अगदी मनापासून. तिथल्या तिथे सगळ्यांना विचारलं आणि तिच्या हातात बेडक्याची डबी दिली.

रिपोर्ट आला. टीबीच होता.

वरचे साहेब म्हणाले, तिचं नाव कामाच्या बायकांच्या यादीतून काढा, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, "लोक काय म्हणायचं ते म्हणोत. औषधं लागू पडली की ती परत कामाला लागेल. नाव काढायचं तर माझंही काढा." साहेबांनी फाइल मिटली. नाव तसंच राहिलं.

घरचं मात्र अवघड होतं. नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. सासूनं ठरवलं, सुनेनं माहेरी जाऊन बरं व्हावं, तीन वर्षांचा नातू इथेच राहील. अशा माहेरी गेलेल्या बायका मी पाहिल्या होत्या. बऱ्या होतात, पण त्यांना न्यायला कुणी येत नाही. ते तिलाही माहीत होतं.

तेव्हा गोळ्या दिवसाआड, आमच्यासमोर गिळायच्या असत. पहिल्या दिवशी मी पाकीट घेऊन गेले, तर दारात रिक्षा उभी, रिक्षात तिचा भाऊ, आणि ओट्यावर कपड्यांची भरलेली पिशवी. सासूला मी समजावू लागले: औषध सुरू झालं की धोका कमी होत जातो, तोवर तोंडाला रुमाल लावायचा, वेगळं झोपायचं, बाळालाही तपासून गोळ्या देऊ. म्हातारी ऐकेल तर शपथ!

तेवढ्यात सून आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि ओट्यावर बसली.

"अगं, आत बस! गल्ली बघतेय," सासू कुजबुजली.

"बघू दे," ती म्हणाली. "चोरी केली नाही मी. माझं पोर इथं, माझं घर इथं. गोळ्या इथंच खाणार, सहा महिने." मग भावाकडे वळून म्हणाली, "दादा, तू जा. जेवून जा म्हटलं असतं, पण आज नको."

सात गोळ्या होत्या. एकेक करून तिनं सगळ्या गिळल्या. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, हात कसेबसे आवरले.

समोरच्या घरातून एक सून ओले हात पुसत आली. मागून तिची सासू हाका मारत होती, तिनं वळूनही बघितलं नाही. "मॅडम, मला पण एक डबी द्या," ती म्हणाली. "दिवाळीपासून खोकतेय मी."

मी डबी दिली. रिक्षा निघून गेली. म्हातारी थोडा वेळ समोरच्या घराकडे बघत राहिली, मग तिनं पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.