ओळख निघाली की उठायचं

इस्मे लिबर्ड मूळची नेव्हिस बेटावरची. एकोणिसाव्या वर्षी बोटीत बसून इंग्लंडात आली, ब्रॅकरली नावाच्या गावात बस चालवणाऱ्या एका माणसाशी लग्न केलं आणि खालच्या वस्तीतल्या शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढायला लागली. तेवीस वर्षं तिनं तेच केलं. खिमा, कुस्करलेला बटाटा, शेवटी गोड कस्टर्ड. पोरं तिला ‘मिस’ म्हणायची. कोण गाजर खिशात लपवतो, कोण सकाळचं काही न खाता आलाय, हे तिला ताट पुढं आल्या आल्या कळायचं. बोलायची कमी. बघायची फार.

आता कोर्टाचं सांगते. ब्रॅकरलीत बारीकसारीक गुन्ह्यांचा निवाडा कुणी पगारी जज करत नसे. गावातलीच तीन माणसं वरच्या खुर्च्यांवर बसायची, बिनपगारी, आपल्याकडच्या पंचांसारखी. त्यांना मॅजिस्ट्रेट म्हणायचे. कायदा त्यांना ठाऊक नसला तरी चालायचं, कारण पुढ्यात खाली कोर्टाचे क्लार्क बसायचे. ओल्डरॉयड म्हणून होते, हाडकुळे, नाकावर चष्मा. कायदा ते सांगायचे, निवाडा तिघांनी करायचा.

पण गावातली माणसं म्हणजे कोण? गिरणीवाले, हेडमास्तर, पेढीवाले, त्यांच्या बायका. सगळी टेकडीवरच्या बंगल्यांतली. एकानं दुसऱ्याचं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं. मग वरून हुकूम आला की हे बरं दिसत नाही, सगळ्या थरांतली माणसं घ्या. तेव्हा त्यांनी एक हिंदुस्थानी डॉक्टर घेतले आणि एक पाकिस्तानी कापडवाले घेतले. तेही टेकडीवरच राहायचे. रंग बदलला, गल्ली तीच राहिली. म्हणून मग लायब्ररीत कागद चिकटवले, की कुणीही अर्ज करा.

इस्मेनं तो कागद वाचला आणि अर्ज मागून घेतला. शाळेची मुख्य आचारी एडना तर पोट धरधरून हसली.

“काय गं बये, तू जज होणार? तो पांढऱ्या केसांचा टोप घालून?”

“टोप नसतो मॅजिस्ट्रेटला.”

“मग काय उपयोग!”

दोनदा मुलाखत झाली. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “बाकीच्या दोघांचं मत तुमच्याविरुद्ध पडलं, तर काय कराल?” इस्मे म्हणली, “आमच्या स्वयंपाकघरात आम्ही सहाजणी आहोत, बाई, आणि शेगडी एकच. मत सांगायचं, हरलं तर हरलं, जेवण मात्र बाराला तयार पाहिजे.” तिला घेतलं. पेपरात फोटो आला. एडनानं तो फ्रीजवर चिकटवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

पहिल्या मंगळवारी ती कोर्टात बसली. मधल्या खुर्चीवर सग्डन साहेब, सगळ्या मॅजिस्ट्रेटांचे प्रमुख. गॅस कंपनीत मोठे साहेब होते, आता निवृत्त. आरोपीच्या पिंजऱ्यात पहिलाच आला तो एक लांबोडका पोरगा. वर बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला.

“हॅलो, मिस!”

सग्डन साहेबांनी मान तिरकी केली. “ओळखता याला?”

“शाळेतला आहे, साहेब.”

“मग उठावं लागेल.”

तशी रीतच होती. आरोपी ओळखीचा निघाला की मॅजिस्ट्रेटनं काही न बोलता उठायचं आणि मागच्या दारानं निघून जायचं. ती उठली. उरले दोघे. दोघांचं जमलं तर ठीक, नाही जमलं तर सगळा खटला पुन्हा पहिल्यापासून, नव्या तिघांपुढं. त्या दिवशी दोघांचं जमलं नाही.

पुढच्या खेपेला ती दोनदा उठली. त्याच्या पुढच्या खेपेला तीनदा. जेवण वाढलेली पोरं आता विशी-पंचविशीची झाली होती, आणि ब्रॅकरलीत पिंजऱ्यात उभी राहणारी बहुतेक त्याच वयाची, त्याच वस्तीतली. सग्डन साहेबांना बारा वर्षांत क्वचितच उठावं लागलं होतं. त्यांच्या ओळखीची माणसं तिथं येतच नसत.

सहा मंगळवारांत ती अकरा वेळा उठली. अर्ध्या दिवसाची रजा काढायची, चांगला कोट घालायचा, आणि मागच्या खोलीत एकटीनं चहा पीत बसायचं.

मग ओल्डरॉयडनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. खुर्ची पुढं ओढून दिली.

“लिबर्डबाई, थॉर्नवेलच्या कोर्टात जागा आहे. बसनं चाळीस मिनिटं. शेतकरी, मेंढ्या, विनापरवाना ट्रॅक्टर. तिथं तुम्हाला कुणी ओळखत नाही.”

“म्हणजे मी तिथल्या लोकांसाठी बसायचं?”

“तुम्ही मॅजिस्ट्रेटच राहाल. यादीत नाव राहील.”

“यादीत राहील हो. पण इथं माझ्या जागी पुन्हा टेकडीवरचंच कुणीतरी?”

ओल्डरॉयडनी टेबलावरचा कागद तिच्यापुढं सरकवला. बदलीचा कागद तयारच होता. तिची सही झाली तर बरं, नाही झाली तरी महिन्याअखेर सग्डन साहेब तो समितीपुढं ठेवणार होते.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तिनं एडनाला सांगितलं. एडना म्हणली, “जा की. मेंढ्या तुला हॅलो मिस म्हणणार नाहीत.” मग थोड्या वेळानं, हातातला डबा खाली ठेवून म्हणली, “पण मग वस्तीतली म्हणून तुला घेतलं कशाला? शोभेला?”

हेच इस्मेच्याही डोक्यात घोळत होतं. तिनं कागदावर सही केली नाही. ओल्डरॉयडांकडं परत गेली आणि म्हणली, “उठायचं, हा नियम कुठं लिहिलाय तो मला वाचून दाखवा.”

त्यांनी जाड पुस्तक काढलं. पानं उलटली. परत उलटली. चष्मा पुसला.

“असं लिहिलंय,” ते हळूच म्हणले, “की बाहेरच्या शहाण्या माणसाला पक्षपात वाटेल अशी ओळख असली, तर बसू नये. नुसती तोंडओळख असली तर ती उघड सांगावी, दोन्ही बाजूंना विचारावं, आणि मग ठरवावं.”

“आणि गुपचूप उठून जायचं?”

“ते... ती इथली पद्धत आहे. पूर्वीपासूनची.”

“म्हणजे नियम नव्हे.”

“नियम नव्हे,” ओल्डरॉयड म्हणले. पंधरा वर्षं त्या खुर्चीत बसून त्यांनी ते पान या कामासाठी कधी उघडलंच नव्हतं.

महिन्याचा शेवटचा मंगळवार आला. मध्ये सग्डन साहेब, दुसऱ्या बाजूला एक औषधांच्या दुकानवाल्या बाई. पिंजऱ्यात वेन मिड्जली. बसथांब्याची काच फोडल्याचा आरोप. त्यानं इस्मेला बघितलं आणि मान खाली घातली. सग्डन साहेबांनी सवयीनं मागच्या दाराकडं बोट केलं.

इस्मे बसून राहिली. म्हणली, “मी शाळेत या माणसाला सहा वर्षं जेवण वाढलंय. तो अकरा वर्षांचा झाल्यापासून आमचं बोलणं नाही. कुणाची हरकत आहे का?”

ओल्डरॉयड उठून म्हणले, “हे नियमाला धरून आहे, साहेब.” सरकारी वकील म्हणले, हरकत नाही. वेनची वकील म्हणजे एक तरुण बाई. तिनं वेनच्या तोंडाशी कान लावला, मग उठली. तिलाच हसू आवरेना.

“माझ्या अशिलाची हरकत आहे.”

“कारण?” सग्डन साहेबांनी विचारलं.

“तो म्हणतो, मिसना खोटं लगेच कळतं.”

मागची माणसं फिदीफिदी हसली. सग्डन साहेब हसले नाहीत. ओल्डरॉयडांशी कुजबुजले आणि म्हणले, “ही काही हरकत होत नाही. चालू करा.”

साक्षीदार एकच. रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्या बाई. त्यांनी लाल जाकीट बघितलं होतं, पाठीमागून, संध्याकाळी. वेन म्हणला, मी तेव्हा बहिणीकडं होतो. बहीण काही आली नाही.

तिघं आतल्या खोलीत गेली. दार लागल्या लागल्या सग्डन साहेब इस्मेकडं वळले. “बरं झालं तुम्ही राहिलात. तुम्ही पोराला ओळखता. सांगा आता, खोटं बोलतोय ना?”

एवढं सोपं होतं. हो म्हणायचं की झालं. सग्डन साहेब खूश, आणि थॉर्नवेलचा कागद केराच्या टोपलीत.

“साहेब,” इस्मे म्हणली, “तो नऊ वर्षांचा असताना खोटं बोलायचा, पुडिंगसाठी. आज काय बोलला ते तुम्ही नि मी एकाच वेळी ऐकलं. माझ्याकडं तुमच्यापेक्षा जास्त काही नाही.”

“पण तुमचा अंदाज?”

“अंदाज बाहेर ठेवून आलेय. आत नुसतं लाल जाकीट आहे. आणि लाल जाकिटं आमच्या वस्तीत ढिगानं मिळतील. बाजारात एकाच गाड्यावर विकतात ती.”

औषधवाल्या बाई म्हणल्या, मलाही पुरावा तोकडा वाटतो. सग्डन साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांना वाटलं होतं, ही आपल्या पोरांना सांभाळून घेईल, नाहीतर आपल्याला आतली खबर देईल. यातलं काहीच झालं नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी वेनला सोडून दिलं. वेन जाताना इस्मेकडं बघायचं धाडस करू शकला नाही. काच त्यानं फोडली होती की नाही, हे ब्रॅकरलीत आजही कुणाला ठाऊक नाही.

कोट घालता घालता सग्डन साहेब ओल्डरॉयडना म्हणले, “तो बदलीचा कागद समितीपुढं ठेवायचा नाही. आणि यापुढं ओळख असली की ती उघड सांगायची. सगळ्यांनी. मीसुद्धा.” इस्मेकडं बघून नुसती मान हलवली आणि गेले.

इस्मेची रजा दीडपर्यंतच होती. ती बसनं शाळेत आली, चांगला कोट खुंटीला लावला, एप्रन बांधला. एडना कंबरेवर हात ठेवून उभीच होती.

“काय झालं? मेंढ्या का माणसं?”

“माणसं.”

“देव पावला,” एडना म्हणली. “आता ते खिम्याचे ट्रे घासायला घे, तळाला करपलेत.”