मिशांचा वीर

पाचोडजवळच्या आमच्या शिवेवर गुरं वाचवताना मेलेल्या एका वीराचा कोरीव दगड आहे. तो बघायला संभाजीनगरहून एक बाई आल्या. जुन्या शिल्पांवर पुस्तकं लिहायच्या आणि स्वतःच छापायच्या. चप्पल काढून त्यांनी दगडाला, ताप बघावा तसा, पालथा हात लावला.

"हाच मुखपृष्ठावर घेते. रविवारी कॅमेरा आणते," म्हणाल्या.

रविवारी आल्या आणि थबकल्याच. चुलत्यानं वीराला न्हाऊ घालून चकचकीत ऑइलपेंट दिला होता. निळा अंगरखा, पिवळा घोडा आणि वर काळ्याभोर मिशा!

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, झालं, पुस्तक बोंबललं.

"हे कुणी केलं?"

"म्यां," चुलता छाती काढून म्हणाला. "फोटोला देव पारोसा बसवायचा व्हय?"

बाई हसत सुटल्या, हसता हसता खालीच बसल्या.

"काका, माझ्या पुस्तकातले बाकीचे वीर नुसतेच उभे आहेत. फोटोसाठी नटलाय तो हा एकटाच!"

पुस्तक आलं तेव्हा मुखपृष्ठावर त्याच मिशा होत्या. आत छापलं होतं, शिल्पकार अज्ञात. त्याखाली रंगकाम, आणि पुढं चुलत्याचं पूर्ण नाव.