मेला कशाने, ते आर्मिंडाला विचारा

आर्मिंडा पकेटने डुकराच्या एका मांडीपायी सरकारी माणसासमोर खोटं सांगितलं, अशी कुजबुज आमच्या टर्कीपेन खोऱ्यात चांगली चार वर्षं चालली. मांडी धुरी देऊन सुकवलेली होती, चौदा पौंडांची होती, असंही सांगणारे भेटत. मांडी कुणीच पाहिली नव्हती, वजन मात्र सगळ्यांना ठाऊक. आमच्याकडे हे असंच असतं.

आर्मिंडा सुईण होती आणि मढीही तीच धुवायची. खोऱ्यात आलेल्याची पहिली अंघोळ तिच्या हातची, गेलेल्याची शेवटचीही तिच्याच. डॉक्टर बावीस मैलांवर. तो आलाच तर असली पांढरी पूड द्यायचा की रोगाआधी रोग्याचे दात जायचे. म्हणून त्याला कुणी बोलवत नसे, आणि कोण कशाने मेलं हे ठरवायचं काम आपोआप आर्मिंडाकडे आलं. तिच्याजवळ कारणं आठ-दहाच. आव, जंत, जलोदर, ताप, क्षय, बाळंतपण, मुलाचे दात येणं, आणि अंगावरच्या लाल गांधी. तान्ह्या बाळाच्या अंगावर गांधी उठायलाच हव्यात. कॅटनिपच्या पाल्याचा काढा पाजून त्या बाहेर आणायच्या. नाही आल्या तर आत वळतात आणि काळजाला धरतात. बायबलात चूक सापडेल, पण यात नाही, अशी आमची खात्री.

कारण सांगताना तिचा आवाज हलत नसे. शेंगांचा भाव सांगावा तसं सांगायची. नवरा तापाने. थोरला उत्तर-दक्षिणेच्या लढाईत गेला तोही गोळीने नाही, छावणीत गोवराने. धाकटा त्याच्या मागोमाग त्याच छावणीत. “दोघांना एकच. लक्षात ठेवायला सोपं,” असं ती म्हणाली होती, आणि वाटाणे सोलत राहिली होती.

लढाईनंतर पाच वर्षांनी, अठराशे सत्तर सालच्या जूनमध्ये, वेदरबी नावाचा शिरगणतीचा साहेब आला. त्याच्याकडे जिवंत माणसांचा एक कागद होता आणि मेलेल्यांचा वेगळा. गेल्या वर्षभरात घरात कोण गेलं, कोणत्या महिन्यात, कशाने. आदल्या ऑगस्टमध्ये आव आली होती. एकेचाळीस घरांतून सत्तावीस माणसं तिने सप्टेंबर संपायच्या आत नेली होती. कशाने म्हटलं की प्रत्येक घर एकच सांगे, आर्मिंडाला विचारा. दुसऱ्या दिवशी साहेबाने कंटाळून तिला आपल्या गाडीतच बसवून घेतलं.

झेब्युलन क्रम्पच्या विधवेने नवरा तापाने गेला म्हणून सांगितलं. आर्मिंडा गाडीतूनच म्हणाली, खेचराने लाथ मारली, लिहा. विधवा म्हणाली, त्याला ताप होता. आर्मिंडा म्हणाली, व्हिस्कीचा. साहेबाने खेचर लिहिलं. ते खेचर दारातच बांधलेलं होतं आणि त्याची तब्येत उत्तम होती.

तिथून ते स्टँडिफरांकडे आले. त्यांच्या विहिरीचा दोर बदलायला मी गेलो होतो, आणि तो बदलायला मी बराच वेळ लावला.

ओसरीवर सासू केझाया बसलेली. तिचा मुलगा होझिया पायरीवर. सून लुरेना ताक घुसळत होती. तिचं दोन महिन्यांचं मूल सप्टेंबरात सकाळी बिछान्यात मेलेलं सापडलं होतं, तिच्या कुशीत. केझाया नऊ महिने एकच सांगत होती, की हिने झोपेत अंगाखाली घेतलं. चर्चची वडीलमंडळी अजून गप्प होती. पण सरकारच्या कागदावर तसं लिहिलं गेलं की येत्या शनिवारी सभेत लुरेनाला उभं करणार, तिचं नाव चर्चमधून काढणार, आणि होझिया तिला गाडीत घालून बापाकडे पोचवणार. हे ओसरीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

“लिहा साहेब,” केझाया म्हणाली. “आईने चेंगरलं. सप्टेंबर.”

लुरेनाचा हात थांबला नाही. होझिया स्वतःच्या बुटाकडे बघत होता.

साहेबाने आर्मिंडाला विचारलं, मूल कुणी धुतलं.

“मीच.”

“मग कशाने?”

“गांधी,” आर्मिंडा म्हणाली. “आत वळल्या.”

“आर्मिंडा,” केझाया म्हणाली, “पन्नास वर्षं ओळखते मी तुला. माझ्या तोंडाकडे बघून सांग बाई.”

“तुझ्या तोंडाकडे बघून काय कळायचंय, केझाया? मेलं ते मूल. तू तर चांगली धडधाकट आहेस.”

साहेबाने गांधी लिहिलं. सगळ्यांनी ताक घेतलं. लुरेना रडली नाही, आर्मिंडाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. लोण्याचा गोळा काढला, पाण्यात टाकला. शनिवारच्या सभेत तिचं नाव निघालं नाही. ती त्या घरात राहिली, पुढे तिला दोन मुली झाल्या, त्यांना कॅटनिपचा काढा आर्मिंडानेच पाजला.

मांडीची गोष्ट केझायाने काढली. आपल्या मांसाला धुरी द्यायच्या खोलीतली एक मांडी कमी भरतेय, असं ती चर्चच्या दाराशी म्हणाली, आणि ती सुनेने आर्मिंडाला पोचवली हे बाकीचं आम्ही जोडलं. त्यात माझाही वाटा आहे, नाही म्हणत नाही. केझाया त्र्याहत्तरमध्ये जलोदराने गेली. तिला आर्मिंडाने धुतलं, पाणी लुरेनाने दिलं.

पुढच्या वर्षी आर्मिंडा अंथरुणाला खिळली. मी बघायला गेलो आणि जुनी खोड गेली नाही म्हणून विचारलं, “मावशी, मांडी कशी होती गं चवीला?”

“असती तर तुला हाड चाटायला मिळालं असतं,” ती म्हणाली. मग त्याच आवाजात उरलेलं सांगितलं.

मांडी नव्हती. लुरेनाचं मूल कशाने गेलं ते आर्मिंडाला माहीत नव्हतं. ती पोचली तेव्हा केझायाने त्याच्या तोंडावर सोड्याच्या पाण्यातलं फडकं टाकलेलं होतं, चेहरा काळा पडू नये म्हणून टाकतात तसं. त्या आठवड्यातलं ते तिचं सहावं मढं होतं. चेंगरलेलं मूल चेहऱ्यावरून कळतं, पण तिने फडकं उचललं नाही. भिंतीकडे बघत मूल धुतलं, कापडात गुंडाळलं आणि पुढच्या घरी गेली.