माऊलीची पहिली ओटी

झुंबरबाईचा राग साऱ्या बाभुळवाडीला ठाऊक होता, आणि त्यातला निम्मा तरी गावानंच ओढवून घेतलेला होता.

गावातल्या पत्र्याच्या चर्चमध्ये मरियामातेची मूर्ती नगरहून बैलगाडीतून आली, तेव्हा रस्ता म्हणजे नुसते खड्डे आणि धोंडे. नव्यानंच नांदायला आलेल्या झुंबरबाईनं ती मूर्ती मांडीवर घेतली आणि वाटभर लेकरासारखी सांभाळली. तेव्हापासून लोक म्हणायला लागले, झुंबर म्हणजे माऊलीचं माहेर. म्हणून सप्टेंबरातल्या जत्रेला पहिली ओटी तिची. खण, नारळ, ओंजळभर गहू. मग बाकीच्या बायका. ख्रिस्ती झाल्यावर या घरांनी पुष्कळ काही सोडलं, पण ओटी भरायचं सोडलं नाही, आणि त्यात वाईट काय होतं?

वाईट होतं ते वेगळंच. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिचा नवरा बन्सी काविळीनं गेला. त्याला मूठमाती देऊन माणसं परतली, तशी धाकटी जाऊ रतनबाई पुढं झाली आणि तिनं झुंबरबाईच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. झुंबरबाईला तेव्हा भान नव्हतं, नाहीतर तिनं हात आखडून घेतला असता. म्हसोबा विसरले, मरीआई विसरली, पण बाईच्या बांगड्या फोडायच्या असतात एवढं मात्र या लोकांच्या बरोबर ध्यानात राहिलं होतं.

जत्रेच्या दिवशी झुंबरबाई पदराखाली ओटी घेऊन नेहमीसारखी पुढं गेली. रतनबाई आडवी आली.

“बाई, यंदा तुमी मागं ऱ्हावा. पयली वटी मी भरते. सवाष्णीचं काम हाय ते.”

“कुनी ठरवलं?”

“समद्या बायांचं तसंच म्हननं हाय.”

समद्या बाया पायाच्या बोटांकडं बघत होत्या. काल हिच्याच चुलीपुढं बसून चहा प्यायलेल्या बाया. झुंबरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं फादरकडं पाहिलं. फादर वसईकडचे, मोठे सज्जन. पण कुणालाच दुखवायचं नाही यालाच ते सज्जनपणा समजत.

“गावची रीत आहे,” ते म्हणाले. “तुम्ही बायकांनीच आपसात ठरवा.”

“ठरवतो की. येक तेवढं सांगा, फादर. माऊलीचा धनी योसेफ कवा वारला?”

फादर गोंधळले. “येशू उपदेशाला निघायच्या आधीच, असं मानतात.”

“म्हंजी लेक क्रुसावर हुता, तवा खाली हुबी हुती ती इधवा बाई?”

“हो,” फादर हळूच म्हणाले. “विधवाच म्हणायची.”

झुंबरबाई जावेकडं वळली. “ऐकलंस? मग माझ्या फोडल्यास तशा तिच्या बी फोड. चढ वर.”

माऊलीच्या हातात हिरवा चुडा होता. रतनबाईनंच तो सकाळी हौसेनं भरला होता. तिनं एकवार त्याच्याकडं पाहिलं आणि ती बाजूला झाली. झुंबरबाईनं पहिली ओटी भरली. रागाच्या भरात थोडे गहू खाली सांडले.

त्याच तावात ती बाहेर आली. दाराशी, चपलांच्या ढिगापाशी लंकाबाई उभी होती. तिच्याच आळीतली, ऐन विशीत नवरा गेलेली. दर जत्रेला ती तिथंच उभी असे.

“चल आत, लंके,” झुंबरबाई म्हणाली. “कोन आडवतंय तेच बघते.”

लंकाबाई जागची हलली नाही.

“मला कुनी आडवलं हुतं, काकी?” ती शांतपणे म्हणाली. “नवरा गेला त्या साली मी बी नारळ घिऊन आल्ते. तुमी पयली वटी भरली, मागं वळला, आन म्हनला, लंके, तू आता भायेरूनच पाया पडत जा.”

झुंबरबाई आपल्याच पायाच्या बोटांकडं बघू लागली.

“तवा योसेफ जिता हुता व्हय?” लंकाबाईनं विचारलं, आणि ती घराकडं चालू लागली.