विमलवहिनींची शिमल्याची तयारी

सकाळी सकाळी दिग्रसहून दादाचा फोन आला. मी यवतमाळला घरात चहा गाळत होते. "सुमन, तुझी वहिनी गेली," दादा म्हणाला. झोपेतच गेली, उठवायला गेलो तर अंग गार लागलं, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "पोरीले मी कळवतो. तू नको करू फोन." मी गाळणी हातात घेऊन तशीच खाली बसले. वहिनींच्या जाण्याची धास्ती आम्ही वर्षभर उराशी बाळगून होतो. पण दादा आपल्या मुलीला स्वतः फोन करेल, हे मला कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

रश्मी त्यांची एकुलती एक. नर्सिंग शिकली, नोकरीसाठी आधी चंदीगडला आणि तिथून शिमल्याला गेली, आणि तिथल्याच एका सहकाऱ्याशी, सुरेशशी, तिनं घरी न विचारता लग्न केलं. दादानं त्या दिवसापासून तिचं नाव टाकलं. घरात तिचा फोटो राहिला, पण तिच्याबद्दल बोलायचं नाही असा दंडकच झाला. वहिनींनी तो मोडला नाही. त्यांनी फक्त शिमल्याबद्दल बोलायला सुरुवात केली. टीव्हीवर हवामान लागलं की म्हणायच्या, "शिमल्यात आज पाऊस आहे म्हणते." दादा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. नात झाल्याचं कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "शिमल्यात आता थंडी वाढन, लहान लेकरायले जपावं लागते." दादा ताटावरून उठला नाही, पण घास हातातच राहिला होता.

या उन्हाळ्यात त्यांनी नेहमीच्या दुप्पट मुंगवड्या घातल्या. गच्चीभर चादरींवर वाळत घातलेल्या वड्या पाहून दादानं विचारलं, "एवढ्या कोणासाठी?" वहिनी म्हणाल्या, "शिमल्यासाठी. दसरा झाला का जाईन म्हणते. सुमन येते संगं." मी वड्या घालू लागायला आले होते; मला हे तेव्हाच कळलं, पण मी मान हलवली. दसरा आणि दिवाळीच्या मधले चार-पाच दिवस, बर्फ पडायच्या आधी... इतकाच त्यांचा बेत होता. अडचण त्यांच्या हृदयाची होती. एक झडप नीट मिटत नव्हती. अंगणातून गच्चीवर जाताना त्यांना मध्येच थांबावं लागायचं, ओठ काळसर पडायचे. आणि शिमला म्हणजे सगळा चढच.

पोळ्यानंतर आम्ही तिघं यवतमाळच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. म्हणाले, जाता येईल. पण चढ चढायचा नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि दम लागला तर हट्ट न करता खाली यायचं.  दिग्रसला पोचल्यावर जेवायला बसलो तेव्हा दादा म्हणाला, "झालं ना समाधान? डॉक्टर नाही म्हणाले." मी म्हटलं, "दादा, मी तिथंच होती. ते 'नाही' नव्हते म्हणाले." त्यानं ताट सरकवलं.

"बसा," वहिनी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण मी त्यांच्या लग्नापासून त्यांना पाहत होते, असा आवाज ऐकला नव्हता. "मले एवढंच सांगा, तुम्हाले काळजी माह्या दमाची आहे का शिमल्याचा राग आहे?"

"त्या पोरीनं आपल्याले विचारलं होतं का?"

"नव्हतं विचारलं. मी विचारून राह्यली ना तुम्हाले. मलेही तुम्ही नाहीच म्हणून राह्यले. मंग तिनं कायले विचारायचं होतं?"

दादा उठून बाहेर गेला. त्यानंतर तो आमच्याशी कामापुरतंही बोलेनासा झाला. शेतात सोयाबीनची काढणी होती, ते निमित्त त्याला पुरलं. मी मात्र आतून हादरले होते. तिथं काही झालं तर? त्या अनोळखी डोंगरात, दवाखाना कुठे ते माहीत नाही... परत येऊन दादाला काय तोंड दाखवायचं? एकदा वहिनींना म्हटलंही, रश्मीलाच इकडे बोलावू. त्या म्हणाल्या, "पोरगी येईन अन् हे तिच्याशी बोलणार नाहीत. मंग पोरगी पुन्हा कधी येणार नाही. त्यापेक्षा मी जाते."

निघायच्या सकाळी दादा उजाडायच्या आधीच शेतावर निघून गेला होता. एसटीत बसल्यावर वहिनी खिडकीतून स्टँडच्या फाटकाकडे पाहत राहिल्या, गाडी सुटेपर्यंत.

शिमल्याला आम्ही वरच्या सपाट रस्त्यावरच्या एका लॉजमध्ये उतरलो, कारण रश्मीचं घर रस्त्याच्या खूप खाली, पायऱ्या उतरून होतं. रश्मी रोज लेकीला घेऊन वर यायची. मायलेकी उन्हात बाकावर बसायच्या. मला वाटलं होतं, रडणं होईल, जुनं काही निघेल. त्या दोघी मुंगवड्यांचा रस्सा कसा करायचा यावर तासन्‌तास बोलत होत्या. नात आजीचं मराठी ऐकून हसायची. मी थोडी निर्धास्त झाले... आणि शेवटच्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "मले तुझं घर पाहायचं आहे."

आम्ही सगळ्यांनी नाही म्हटलं. रश्मी तर स्वतः नर्स. ती हात जोडून विनवत होती. वहिनी उठल्या आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरू लागल्या. उतरणं जमलं. त्यांनी लेकीचा ओटा पाहिला, पाणी कुठून येतं ते विचारलं, नातीच्या अंथरुणावर थोडं पडल्या. वर येताना मात्र अर्ध्यातच त्या मटकन खाली बसल्या. ओठ निळे, बोलणं बंद. रश्मीनं नाडी धरली आणि वर तोंड करून सुरेशला हाक मारली. मी नुसती "वहिनी, वहिनी" करत होते. तेवढ्यात सुरेश वरून धावत आला. त्यांच्यापुढे पाठ करून बसला, आम्ही वहिनींना त्याच्या पाठीवर घातलं, आणि तो त्या पायऱ्या चढत गेला. कुठेही थांबला नाही. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत वहिनी बोलू लागल्या. पहिलं वाक्य, "घर नीटनेटकं ठेवलं आहे बरं पोरीनं."

दादाला फोन मीच केला. काही न लपवता सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. तो एवढंच म्हणाला, "मंग वर कोणं आणलं तिले?"

"सुरेशनं. पाठीवर घेऊन."

त्यावर तो म्हणाला, अगदी हळू, "जड आहे तुही वहिनी. दमला असन तो."

मी ते वहिनींना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि ऑक्सिजनच्या नळीखाली त्यांचे ओठ हसले.

दिवाळी त्यांनी घरी केली. थंडी सुरू झाली तशा त्या गेल्या. रश्मी, सुरेश आणि नात असे तिघेही आले. अंगणात जमलेल्या नातेवाइकांत कुणीतरी कुजबुजलं की शिमल्याच्या त्या प्रवासानंच घात केला. दादानं ऐकलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "त्याच आशेवर जगली होती ते. नाहीतर उन्हाळ्यातच गेली असती." मग सुरेशला हात धरून आपल्याजवळ बसवलं.

आता रश्मी परत गेली आहे. मागच्या आठवड्यात मी दिग्रसला गेले तेव्हा दादा स्वयंपाकघरात होता. मागच्या दाराशी वहिनींचा पाट असायचा, त्यावर बसून त्या भाजी निवडायच्या. दुसऱ्या कुणाला तिथं बसू द्यायच्या नाहीत. त्या पाटावर दादा बसला होता, पुढ्यात आंबाडीची जुडी, आणि भिंतीला टेकवलेल्या मोबाइलवर रश्मी. "देठ ठेवू का काढू?" तो विचारत होता. "कोवळे राहू द्या, बाबा," ती म्हणाली. मला पाहून तो जरा ओशाळला, पण उठला नाही. थोडा सरकला, आणि पाटाचं एक टोक माझ्यासाठी मोकळं केलं.